शनिवारी टाकलेला फॉल्ट

प्रेमराज आबांनी छत्तीस वर्षं बिघाड शोधले आणि निवृत्त झाल्यावर ते बिघाड करायला लागले. तोंडावर असं म्हटलं तर त्यांना राग येईल, पण त्यात खोटं काही नाही.

आबा भुसावळच्या यार्डात सिग्नल मेंटेनर होते. मूळ गाव भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठावर. घरची कापसाची शेती धाकट्या भावाकडे सोडून हे रेल्वेत चिकटले ते चिकटलेच. सिग्नल लाल पडून राहिला, रूळ बदलणारा पॉइंट फिरेना झाला की हातात मीटर घेऊन निघायचं, वायरीमागून वायर तपासत जायचं आणि दोष सापडेपर्यंत कुणाशी चकार शब्द बोलायचं नाही, ही त्यांची तऱ्हा. सापडल्यावरही फार बोलत नसत. "मिळना" म्हणजे सापडला, एवढंच म्हणायचे आणि बिडीऐवजी बडीशेप तोंडात टाकायचे.

पुढे वय वाढल्यावर साहेबांनी त्यांच्याकडे नव्या पोरांना शिकवायचं काम दिलं. त्यासाठी एक मॉडेल रूम होती. तिथे खऱ्यासारखे सिग्नल, खऱ्यासारखे, वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे रिले होते, पण गाडी एकही नव्हती. पोरं चहाला गेली की आबा हळूच एका रिलेच्या दोन पत्र्यांमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद सरकवायचे. पोरं परत यायची, तर सिग्नल बंद! मग दीड-दीड तास त्यांची धावपळ, आणि आबा कोपऱ्यातल्या स्टुलावर मख्ख. याला 'फॉल्ट टाकणं' म्हणत. आबांचे त्यात तीन नियम होते. फॉल्ट सापडण्यासारखा हवा, त्यानं कशाचंही नुकसान होता कामा नये, आणि चालू लाईनीवर थट्टा कधीच नाही. त्यांनी टाकलेल्या फॉल्टची कीर्ती पार खंडव्यापर्यंत गेली होती असं ते स्वतःच सांगत.

घरात बोलायचं खातं बायकोकडे, कमलबाईंकडे होतं. मुलगी दीपमाला, म्हणजे दीपा, शिकून पुण्याला गेली, तिथून आयर्लंडला गेली. तिचा फोन आला की आबा विचारायचे, "जेवनी का माय?" ती म्हणायची, "हो आबा." की लगेच हे, "थांब, आईले देस." झालं! वीस वर्षांत बापलेकीचं फोनवरचं एकूण बोलणं एका पोस्टकार्डावर मावलं असतं. याचं कुणालाच काही वाटत नव्हतं, कारण कमलबाई दोघांच्या वाटचं बोलायच्या आणि फोन ठेवल्यावर तासभर आबांना सगळं सांगत बसायच्या.

पाच वर्षांपूर्वी कमलबाई गेल्या. फोन यायचे थांबले नाहीत, पण आता तो द्यायला पलीकडे कुणी नव्हतं. आबा जेवणाचं विचारायचे, ती हो म्हणायची. मग दोघंही अडायचे. अशा वेळी काहीतरी बोलावं म्हणून आबा तिच्या लग्नाचा विषय काढायचे. दीपा छत्तिशीला आली होती, अजून लग्न केलं नव्हतं, करायचं आहे की नाही हेही सांगत नव्हती. विषय निघाला की तिचा आवाज बदलायचा, तिला अचानक काहीतरी काम आठवायचं आणि फोन बंद व्हायचा. जामनेर रोडवरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात मग कूलरचा तेवढा आवाज उरायचा. आबांना स्वतःचा राग यायचा. विषय काढायचा नाही असं ठरवूनही तो तोंडातून निघतोच कसा, हे त्यांना कळत नसे.

गेल्या दिवाळीत ती आली तेव्हा तिनं घरातला जुना कॉम्प्युटर उघडला. चालू व्हायलाच पंधरा मिनिटं घेत होता तो. तिनं आतलं सगळं पुसून त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं. आबांना आधी वाटलं, फुकटात मिळतंय त्या अर्थी काहीतरी कमअस्सल असणार. पण त्यात एक काळी खिडकी होती, आणि माऊसने चित्रांवर टिचक्या मारण्याऐवजी त्या खिडकीत हुकूम टाईप केला की कॉम्प्युटर मुकाट्यानं काम करायचा. हे आबांना एकदम पटलं. चित्रांचा त्यांना मुळात भरवसा नव्हता. हुकूम द्यावा, उत्तर यावं, रेल्वेसारखं. महिन्याभरात ते एका बोटानं बरंच काही टाईप करायला लागले.

जाताना दीपानं अशी सोय केली की तिकडे बसून तिला इथला पडदा दिसावा आणि इथला बाण हलवता यावा. जानेवारीतल्या एका रविवारी खरोखरच काहीतरी बिघडलं. पडद्याखालची पट्टी, जिच्यावर घड्याळ नि बाकीची चित्रं असतात, ती नाहीशी झाली. दुपारी अडीचला, म्हणजे तिकडे सकाळी नऊला, तिचा फोन आला. तिनं तो स्पीकरवर ठेवायला सांगितला. आणि आबांच्या डोळ्यांसमोर पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला.

आबा खुर्चीत मागे सरकून बघत राहिले. बाण इकडे जायचा, थांबायचा, विचार केल्यासारखा वळायचा. लहानपणी गणित करताना दीपाची पेन्सिल अशीच चालायची. ती शोधत होती, मध्येच "अं… हे नाही" म्हणत होती. आणि नुसतं बसून राहणं बरं दिसत नाही म्हणून आबांनी तिला बोदवडजवळच्या एका पॉइंटची गोष्ट सांगितली. उंदरानं वायर कुरतडली होती आणि पाच तास गाड्या खोळंबल्या होत्या. ती म्हणाली, "मग?" आबांनी पुढचं सांगितलं. पट्टी परत आली तेव्हा साडेतीन वाजले होते. एक तास! आणि लग्नाचं नावसुद्धा निघालं नव्हतं.

त्याच्या पुढच्या रविवारी सगळं ठीक होतं. फोन तीन मिनिटांत संपला.

मग काय करायचं माणसानं? शनिवारी संध्याकाळी आबांनी काळी खिडकी उघडली आणि कॉम्प्युटरचा आवाज एका आडबाजूच्या हुकमानं बंद करून टाकला. रविवारी बाण आला. पन्नास मिनिटं थांबला. त्याच्या पुढच्या आठवड्यात पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी झाली. मग अख्खा पडदा आडवा पडला आणि मान वाकडी करून बघावं लागलं. मग कळफलक मराठीऐवजी कुठल्याशा फिनिश का काय भाषेत लिहायला लागला. दीपा वैतागायची.

"आबा, तुम्ही नक्की काय दाबता हो?"

"मी काहीच नही दाबं माय. आपोआप व्हई गयं."

रेल्वे कॉलनीत वाढलेली दीपा शुद्ध मराठी बोलायची. आबांनी नदीकाठची अहिराणी कधी सोडली नाही. बोलता बोलता त्यांनी तिला रेल्वेतली छत्तीस वर्षं जवळजवळ सगळी सांगून टाकली. तिनंही अधूनमधून सांगितलं, की तिकडे उन्हाळाच नसतो, की ज्या हॉस्पिटलात ती कॉम्प्युटर सांभाळते तिथे एक म्हातारा रोज तिला गुड मॉर्निंग म्हणतो आणि तिचं नाव मात्र विसरतो. हे सगळं बाण हलता हलता. दोघांची नजर पडद्यावर असली की बोलता येत होतं.

तीनही नियम आबा पाळत होते. काम झालं की काळी खिडकी बंद करायचे. कागद काढून घेतल्यावर रिलेवर जशी खूण राहत नाही, तसं खिडकी बंद झाली की आत काय टाईप केलं ते पुसलं जातं, अशी त्यांची पक्की समजूत. आणि आपण नोंद ठेवली नाही म्हणजे बिघाड झालाच नाही, हेही ते रेल्वेत शिकले होते.

पण मे महिन्यात दीपा फारच पटापट शोधायला लागली. एका रविवारी वीस मिनिटं, पुढच्या रविवारी बारा. आवाज थकलेला वाटायचा. "चला आबा, झालं," म्हणायची आणि बाण थांबायचा. आबांनी मनाशी ठरवलं, आता जरा दमदार फॉल्ट हवा. मोबाईलवर वाचून त्यांनी शोधून काढलं की याच कॉम्प्युटरला 'रूट' नावाचा एक वरचा मालक असतो, त्याच्या अधिकारात डेस्कटॉप उघडला तर आपली सगळी मांडणी नाहीशी दिसते. तासाभराची निश्चिंती! शनिवारी तालीम म्हणून त्यांनी डेस्कटॉप बंद केला, रूटच्या अधिकारात उघडला, बघितला, समाधान पावले आणि मशीन बंद करून परत सुरू केलं.

नावापुढे पासवर्ड टाकला. पडदा काळा झाला, क्षणभर लुकलुकला आणि पुन्हा पासवर्ड मागायला लागला. परत टाकला. परत तेच. दहा वेळा टाकला. पासवर्ड बरोबर होता, चुकीचा असता तर मशीन तसं बोललं असतं. दार उघडत होतं, आणि आत पाऊल टाकण्याआधीच बाहेर काढत होतं.

रविवारी अडीचला दीपाचा फोन आला. "आबा, मला मशीन दिसतच नाहीये." दिसणार कसं? घरातलं वाय-फाय आबा आत शिरल्यावरच जोडलं जायचं, आणि आबा तर बाहेर. तिनं वाचायला सांगितलं, त्यांनी वाचलं, पण वाचण्यासारखं तिथे होतं काय? पासवर्डचा चौकोन. दहा मिनिटांनी तिनं नाद सोडला.

"डिस्क गेली असेल, आबा. जुनंच आहे ते. तुमच्या कोपऱ्यावरचा भूपेंद्र आहे ना, त्याच्याकडून साफ करून विंडोज टाकून घ्या. त्यात आपली ही सोय पुसली जाईल, मला येता येणार नाही, पण… फोन आहेच की आपल्याकडे."

फोन आहेच. आबांनी "हाव" म्हटलं. फोनवर आपलं काय होतं ते दोघांनाही माहीत होतं, तरी ती असं म्हणाली याचं त्यांना फार वाईट वाटलं. नियम मोडला होता. चालू लाईनीवर थट्टा केली होती.

कॉम्प्युटर-दुकानवाला भूपेंद्र सोमवारी सकाळी स्कूटर उभी करून आत डोकावला. "काका, हे लिनक्स-फिनक्स कोन वापरतं आता? उद्या येतो, फॉर्मॅट मारून टाकतो. अर्ध्या तासात नवं कोरं!"

म्हणजे हातात एक दिवस होता. आबांनी दार लावलं, सकाळची खिचडी झाकून ठेवली, चष्मा पुसला आणि स्टूल ओढलं. खुर्ची नाही, स्टूल.

आधी सप्लाय बघायचा. मशीन चालू होत होतं, पंखा फिरत होता, नाव विचारत होतं. म्हणजे तिथपर्यंत लाईन ठीक. बिघाड पासवर्ड आणि डेस्कटॉप यांच्या मधल्या तुकड्यात. डिस्क गेली असती तर नाव तरी कुठून विचारलं असतं? लांब बसून पोरगी चुकली होती, पण तिचा दोष नव्हता. तिला काही दिसतच नव्हतं. मोबाईलवर शोधता शोधता त्यांना कळलं की तीन बटणं एकदम दाबली की चित्रांशिवायचा, नुसत्या अक्षरांचा दरवाजा उघडतो. दाबली. काळ्या पडद्यावर नाव मागितलं. पासवर्ड टाईप करताना तिथे ठिपकेसुद्धा उमटत नव्हते. आबांना वाटलं कळफलक मेला, तरी त्यांनी नेटानं शेवटपर्यंत टाईप केलं आणि आत शिरले.

दुपारी एकपर्यंत त्यांनी मशीनच्या बिघाडाच्या नोंदी वाचल्या. इंग्रजी होतं, पण रेल्वेच्या सर्क्युलरांपेक्षा सोपं. एका ओळीत म्हटलं होतं की डेस्कटॉपला एक छोटी फाईल लिहायची आहे आणि परवानगी नाही. आबांच्या घरात, आबांच्या फाईलला आबांनाच परवानगी नाही! त्यांनी फायलींची यादी मालकांच्या नावासकट मागवली. प्रेमराज, प्रेमराज, प्रेमराज, आणि मध्येच एका ओळीत: रूट. शनिवारी आबा वरच्या मालकाच्या अधिकारात आत शिरले तेव्हा त्या मालकानं स्वतःचं कुलूप लावून ठेवलं होतं. रिले रूमला दोन कुलपं असायची, एक स्टेशन मास्तरचं आणि एक मेंटेनरचं. मास्तर किल्ली घेऊन गावाला गेल्यासारखं झालं होतं हे.

"मिळना," आबा म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं.

फाईल परत स्वतःच्या नावावर करायला एक ओळ पुरली. त्यांनी ती तीनदा ताडून मगच बटण दाबलं. मशीन पुन्हा सुरू केलं, पासवर्ड टाकला, पडदा काळा झाला, लुकलुकला आणि निळा डेस्कटॉप समोर उभा राहिला. खालची पट्टी, घड्याळ, सगळं. आबांचे डोळे भरून आले. सहासष्टाव्या वर्षी एवढ्याशा गोष्टीवरून रडू यावं याची त्यांना लाजही वाटली.

पण मेंटेनरचं काम फॉल्ट काढल्यावर संपत नाही. तो आला कशानं, ते लिहावं लागतं. शनिवारी आपण नेमकं काय टाईप केलं ते आठवेना. पुन्हा मोबाईलवर बघितलं, तर कळलं की काळ्या खिडकीत टाईप केलेला प्रत्येक हुकूम मशीन स्वतःच लिहून ठेवतं, आणि एका शब्दात ती सगळी यादी मिळते. आबा गारच पडले. त्यांनी तो शब्द टाईप केला.

यादी सरसर वर गेली. दीपानं मांडणी करतानाच तारीख-वेळ नोंदवायची सोय केली होती, त्यामुळे सगळं स्पष्ट होतं. शनिवार, संध्याकाळ: आवाज बंद केल्याचा हुकूम. शनिवार: अक्षरं बारीक. शनिवार: पडदा आडवा. एकही सुटला नव्हता. कोर्टात उभं केल्यासारखं आबांना झालं. मग त्यांना शनिवारांच्या मधल्या ओळी दिसल्या. रविवार, दुपारी दोन एकतीस. तोच एक शब्द, आत्ता त्यांनी टाईप केला होता तो. पुढच्या रविवारी दोन बत्तीस, तोच शब्द. आबा रविवारी काळ्या खिडकीला हात लावत नसत. ते पडद्यावर न दिसता तिकडून आलं होतं. दर रविवारी, बाण हलायच्या आधी, दीपानं पहिलं काम केलं होतं ते ही यादी वाचण्याचं.

म्हणजे काय बिघडलंय, कशानं बिघडलंय, ते तिला पहिल्याच मिनिटाला माहीत असायचं. आणि त्यानंतर ती पन्नास-पन्नास मिनिटं शोधत राहायची. "अं… हे नाही," म्हणत.

आबा स्टुलावर बसून राहिले. कूलरमधलं पाणी संपलं होतं, तो नुसताच गरम वारा फेकत होता, तरी उठवेना. पोरीसमोर आपण चार महिने नागडे होतो, ही शरम आधी आली. तिच्या मागून दुसरं काही आलं, त्याला आबांकडे शब्द नव्हता. कमलबाई असत्या तर त्यांनी सांगितला असता.

तीन वाजता त्यांनी स्वतःहून फोन लावला. सोमवारी ती कामावर असणार हे ठाऊक होतं, तरी लावला.

"आबा? काय झालं? बरे आहात ना?"

"चालू व्हई गयं. मीच करं."

"काय?" तिनं विचारलं. "तुम्ही? एकट्यानं?" आणि मग, फार आनंद झाल्यासारखं नव्हे, "अरे वा. मग आता तुम्हाला माझी… म्हणजे चांगलंच झालं की."

तिच्या आवाजातली घसरण आबांनी टिपली. छत्तीस वर्षं मीटरवर दाबाच्या घसरणीच टिपल्या होत्या.

"माय, माले ती यादी दिखनी. तू दर रविवारे पाहेस ती."

तिकडे कुठेतरी एक दार बंद झाल्याचा आवाज आला. ती बोलायला बाहेर कुठे तरी आली असावी.

"मंग तू बोलनी का बरं नही?"

"बोलले असते," दीपा म्हणाली, "तर तुम्ही बिघडवायचं बंद केलं असतं, आबा."

आबांना जेवणाचं विचारावंसं वाटलं, लग्नाचंही ओठांवर येऊन गेलं, दोन्ही गिळलं. "या रविवारे बठ्ठं ठीक शे," ते म्हणाले. "दुरुस्त कराले काहीच नही. तरी ये."

भूपेंद्रला त्यांनी मंगळवारी दारातूनच परत पाठवलं. शनिवारी संध्याकाळी मशीनला हात लावला नाही. हात फार शिवशिवले, तेव्हा कपाट आवरत बसले.

रविवारी अडीचला बाण आला. या वेळी फोन आला नाही, नुसता बाण. तो पडद्याच्या मधोमध आला आणि थांबला. करण्यासारखं काही नव्हतं. आबाही काही न करता बघत बसले. दोघंही एकमेकांसमोर उघडे पडल्यावर जे अवघडलेपण येतं ते या भुसावळच्या खोलीतही होतं आणि बहुतेक तिकडेही. पाच मिनिटं झाली. आबांना वाटलं, आता जाईल. हे असंच होणार होतं, हे काही मॉडेल रूममधलं काम नव्हतं.

मग बाण हलला. त्यानं एक कोरं पान उघडलं, जसं पत्र लिहायला उघडतात. त्या पानावर मराठी अक्षरं एकेक करून उमटायला लागली, दोनदा पुसली गेली, परत उमटली.

आबा, मला इथे कोणी नाही.

आबांनी ती ओळ वाचली, चष्मा पुसून परत वाचली. सहा वर्षं ती तिकडे होती. हे ती कधी बोलली नव्हती, ना त्यांना, ना बहुधा आईला. त्यांनी कळफलक जवळ ओढला आणि एका बोटानं, प्रत्येक अक्षर शोधत, तिच्या ओळीखाली लिहिलं.

माले बी आठे कोन्ही नही.

साडेतीन वाजून गेले तरी बाण त्या दोन ओळींच्या शेजारीच होता.